पुठ्ठ्याआडचे मंत्र

"उतरव," काकू म्हणाल्या. "जे घातलंयस ते आत्ताच्या आत्ता उतरव."

मी त्यांच्या अंगणात उभी. चपला फाटकाबाहेर. काकूंच्या हातात माझी दोनशे पानी वही, कोपऱ्याला दोन बोटांत धरलेली, मेलेला उंदीर धरावा तशी. ओसरीवर शेजारच्या चार बाया. सगळ्यांच्या मागे वैदेही. काकूंची मुलगी, माझी कॉलेजातली मैत्रीण. ती खाली बघत होती.

 

गोष्ट एवढीशी होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वैदेहीच्या मामाने अमेरिकेहून जळगावला एक खेळ आणला. किल्ले, भुयारं, राक्षस, जादूगार. एकीने पुठ्ठ्याच्या आड बसून खेळ चालवायचा. बाकीच्यांनी वीर व्हायचं आणि बोलत बोलत भुयारात शिरायचं. पुढे काय घडेल ते फाशांवर. दर शनिवारी दुपारी त्यांच्या माडीवर आम्ही चौघी खेळायचो. चालवायची वैदेही.

पण चालवायला लागणारं बठ्ठं सामान मी केलेलं. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा तीन घड्यांत उभा केला, आतून तक्ते चिकटवले. पारोळ्याचा किल्ला आठवून भुयार काढलं. खेळाबरोबर आलेल्या पुस्तकातल्या मंत्रांचा कंटाळा आला, तेव्हा घरचे मंत्र रचले. केळीच्या पानाची ढाल करणारा. कुलूप न तोडता दार उघडणारा. आणि एक, कुठल्याही विहिरीचं पाणी म्हणणाऱ्याच्या ओंजळीत आणणारा. तो माझा फार लाडका.

त्या घरात मला पाणी वेगळ्या पेल्यात मिळायचं. बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. आम्ही बौद्ध. ठिपका मला दिसायचा. तरी मी गुमान प्यायचे, खेळ सुटेल म्हणून.

हे सगळं मी एका वहीत लिहायचे, पण वहीवर नाव वैदेहीचं होतं. "मी सगळ्यांना सांगितलंय, मीच करते म्हणून. तुला काय फरक पडतो?" असं ती म्हणाली होती, आणि मी मान डोलावली होती. येडीच मी.

त्या आठवड्यात तिच्या आजोबांची, नानांची, वाचा गेली. डॉक्टरांनी अर्धांगवायू सांगितला. आणि काकूंना माडीवर वही सापडली. तिच्यात शापांचा तक्ता होता, एक ते सहा. चारच्या पुढे लिहिलं होतं : वाचा जाते.

मला बोलावून घेतलं. माझ्यादेखत काकूंनी विचारलं, "कोणी लिहिलं हे?"

वैदेही म्हणाली, "नाव माझं आहे, पण अक्षर हिचं आहे."

बास. एवढंच बोलली ती.

लहानपणी गावाकडे एका बाईला डाकीण ठरवलेलं मी पाहिलं होतं. तिला मारत मारत शिवेबाहेर नेलं. तिचं एक जोडवं रस्त्यात पडलं, ते कोणी उचललं नाही. अंगणात मला तेच दिसायला लागलं. 

"हात जोड आणि नानांवरचं उतरव," काकू म्हणाल्या. "मग जा तू."

सोपं होतं. काहीतरी पुटपुटायचं आणि सुटायचं. मंत्रांना काय तोटा, माझेच होते. मी हात जोडलेसुद्धा. तोंड उघडलं. आणि बघते तर काकूंनी वही काखेत मारून माझ्यापुढे हात जोडलेले. ओठ कापत होते त्यांचे. मला ठिपक्याच्या पेल्यातून पाणी देणारी बाई मला हात जोडत होती.

 एक शब्द बोलले की मी डाकीण. आज सुटेन, पण जन्माची अडकेन. नाना बोलायला लागले तरी माझ्यामुळे, गेले तरी माझ्यामुळे.

मी हात खाली घेतले.

"उतरवणार नाही." आवाज फाटला माझा. "मी काही घातलंच नाही. हा खेळ आहे. लिहिला मी, चालवला तुमच्या मुलीने. चार पडले की वाचा जाते, सहा पडले की परत येते. सहाची ओळ वाचा ना!"

कोणी वाचली नाही. काकूंनी वही बंबात घातली. पुठ्ठाही घातला.  मी चपला हातात घेऊन घरापर्यंत चालत गेले. पायात घालायचं सुचलंच नाही.

आईला सगळं सांगितलं. तिने दाराला कडी लावली. दोन दिवस दार वाजलं की आम्ही दोघी दचकायचो. तिसऱ्या दिवशी मी नवी वही आणली.

आई शिंदखेड्याकडची. घाबरली की अहिराणीवर यायची. "आते कशाले लिखस, बाई? तुले भेव नही वाटस का?"

"वाटतं," मी म्हणाले.

वाटतच होतं. अक्षर वाकडं येत होतं. पहिल्या पानावर माझं नाव लिहिलं. वडिलांचं लिहिलं. आडनाव लिहिलं, ज्यावरून लोकांना बरोबर कळतं ते. मग पाण्याचा मंत्र लिहिला, आठवून आठवून, शब्दन् शब्द.

भीती अजून आहे. असू दे. पण माझ्या अक्षरावर आता दुसऱ्या कुणाचं नाव लागणार नाही. आणि घसा कितीही सुको, ठिपक्याच्या पेल्याला मी ओठ लावणार नाही.