पोचू दे त्यांना

आमच्या मजल्यावरून कुणी साहेब परगावी निघाले, की मावशी पॅन्ट्रीतून बाहेर यायच्या आणि माझ्या झाडूवर पाय ठेवायच्या.

"थांब गं. पोचू दे त्यांना."

घरातलं माणूस प्रवासाला गेलं की त्याच्या पाठोपाठ केर काढत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक असेल. लगेच झाडलं तर ते माणूस परत येत नाही म्हणतात. पण हा नियम घराचा. मावशींनी तो वाळूजच्या एका मोठ्या गाड्यांच्या कंपनीच्या हेड ऑफिसला लावला होता. तिसऱ्या मजल्यावर सगळे मोठे साहेब बसायचे. त्यांच्यातलं कुणी ना कुणी रोज दिल्लीला नाहीतर मुंबईला जायचं. मावशींचं पुरतं ऐकलं असतं तर त्या मजल्याला झाडू कधी लागलाच नसता.

म्हणून त्या ड्रायव्हरला फोन लावायच्या. तो आमच्या छावणी भागातलाच.

"पोचले का रे?"

"एअरपोर्ट पे छोड दिया मावशी. अब लगने दो झाडू."

"विमान उडालं का?"

"वो मैं कैसा बताऊं? मैं तो नीचे है!"

मग त्या पाय उचलायच्या. "मार आता. हलक्या हातानं मार."

मावशी चहा करायच्या. पॅन्ट्रीत भिंतीला खिळे होते आणि एकेका खिळ्यावर एकेका साहेबाचा कप. कुणाला आलं चालत नाही, कुणाला साखर बंद झालीय पण अर्धा चमचा गुपचूप हवी असते, हे सगळं त्यांना पाठ. सगळ्यात मोठ्या साहेबांचा कप निळा होता, कान तुटलेला. नवा आणून दिला तर ते म्हणाले, "मावशी, मला तोच द्या." त्या दिवसापासून ते साहेब मावशींच्या घरचेच झाले.

मी त्याच मजल्यावर झाडू-पोछा करायची. मला लोकांत बोलायला जमत नाही. सुपरवायझरला मला काही सांगायचं असलं तर तो मावशींना सांगायचा, आणि मला काही हवं असलं तर मावशी त्याला सांगायच्या. मी शेजारीच उभी असायची. एकदा मला ताप होता. मी काही बोलले नाही, पण मावशींनी माझ्या हातातून बादली काढून घेतली आणि त्याला म्हणाल्या, "हिला घरी सोड. ती पडली तर मग तूच पुसशील फरशी."

मावशींची लेक सोयगावला दिलेली. ती दर रविवारी फोन करायची, आई, आता इकडं ये. मावशी फोन ठेवून मला म्हणायच्या, "लेकीच्या दारात जाऊन बसायला मी काय म्हातारी झाले?" गुडघ्याला पट्टा बांधता बांधता म्हणायच्या.

मग ती बातमी आली. म्हणजे बातमी नाही, कुजबुज. हेड ऑफिस इथून हलणार. सकाळी कंपनीच्या बसमध्ये ते गुजरातेत गेलेलं असायचं, दुपारी जेवणात चेन्नईला आणि संध्याकाळी परतताना पुण्याला. आम्ही मात्र रोज त्याच फाटकातून आत जात होतो.

साहेब लोकसुद्धा पॅन्ट्रीत येऊन उभे राहायला लागले. अकाउंटच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "मावशी, मीटिंगमध्ये चहा घेऊन जाता ना तुम्ही. काही कानावर आलं का?"

"आलं की."

"काय?"

"साखर जास्त झाली म्हणून."

एकदा मीटिंगला काजूची बिस्किटं बंद होऊन साधी आली. त्या दिवशी मजल्यावर कुणी धड जेवलं नाही. पुढच्या आठवड्यात लिफ्टचं काम निघालं, तर सगळ्यांचे चेहरे फुलले. जायचं असतं तर लिफ्ट कशाला नीट केली असती?

मावशी यातलं काही मानायच्या नाहीत. आपल्या शहरात पाणी कसं येतं तुम्हाला माहीत आहे. आठ-आठ दिवस वाट बघायची, आणि गल्लीत कुणीतरी ओरडतं, पाणी आलं! बाया हंडे घेऊन पळतात आणि तोटी कोरडी. मावशी कधी पळाल्या नाहीत. "मी तोटीला हात लावल्याबिगर मानत नाय," म्हणायच्या. ऑफिसबद्दलही तेच म्हणत होत्या. पण कपांची धूळ त्या दिवसातून दोनदा पुसायला लागल्या होत्या, ते मी बघत होते.

एका दुपारी निळ्या कपाचे मोठे साहेब स्वतः पॅन्ट्रीच्या दारात आले. ते कधी तिथं येत नसत. म्हणाले, "मावशी, माझा कप देता का?"

"चहा आणते की साहेब."

"चहा नको. कप हवाय."

मावशींनी कप काढला. धुतला. पदरानं पुसला, परत धुतला. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून दोन्ही हातांनी दिला. साहेब म्हणाले, "पुण्याला आलात तर या." मावशी म्हणाल्या, "व्हय, येईन की."

ते गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तोटीला हात लागला गं."

साहेब लोक निघाले त्या दिवशी खाली गाड्यांची रांग लागली होती. कंपनीसमोरचाच रस्ता पुढं पुण्याला जातो. आम्ही दोघी खिडकीतून बघत होतो. शेवटची गाडी वळली. मी झाडू हातात धरून मावशींच्या पायाची वाट बघत राहिले. पाय आला नाही.

"मार," त्या म्हणाल्या.

"पोचू द्या ना त्यांना."

"पोचतील. पण परत यायचे नाहीत ते. मार तू."

मी झाडलं. मावशी आत जाऊन रिकामे खिळे पुसत बसल्या.

कारखाना इथंच राहणार होता, मजला बंद होणार होता. सुपरवायझर आला आणि सवयीनं मावशींनाच म्हणाला, "कारखान्याच्या कँटीनमध्ये एकीची जागा आहे. दोघींना नाही घेता येणार. तुम्ही ठरवून सांगा."

जागा मावशींचीच होती. त्या माझ्या कितीतरी आधीच्या. बसमध्ये मी मनात वाक्य जुळवत होते, मावशी, तुम्ही राहा. छावणी आली तरी ते तोंडातून निघालं नाही. उतरताना मावशीच म्हणाल्या, "तू काय बोलणार आहेस ते कळलं मला. गप."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुपरवायझरला सांगून टाकलं, "हिला घे. मला लेकीनं बोलावलंय."

मी त्यांचा हात धरला. त्या हसल्या. "अगं, तुला तोंड नाय आणि मला गुडघे नाय. कँटीनमध्ये उभं राहायचं काम, तिथं गुडघे लागतात. तोंडाचं तू बघ आता."

शेवटच्या दिवशी त्यांनी दोघींपुरता चहा केला, स्टीलच्या पेल्यांत. उरलेल्या चहापत्तीचा डबा पिशवीत घालताना दारात थोडी पत्ती सांडली. मी वाकले तर म्हणाल्या, "राहू दे, नंतर काढ." पिशवी उचलली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि "येते गं," म्हणून जिना उतरल्या. लिफ्ट नीट झालेली होती, तरी जिन्यानंच गेल्या, एकेक पायरी.

सुपरवायझर कुलूप घेऊन आला. "चला, झाडून घ्या पटकन. चावी द्यायची आहे."

मी झाडू घेतला, खाली टेकवला आणि त्यावर माझाच पाय ठेवला.

"थांबा," मी म्हणाले. "पोचू द्या त्यांना."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "तुम्ही बोलता?" मग म्हणाला, "कुठं पोचायचंय त्यांना?"

"सोयगावला."

"सोयगाव! अहो, संध्याकाळ होईल!"

मी पाय काढला नाही. त्यानं एकदा फरशीकडं बघितलं, एकदा घड्याळाकडं, आणि तसंच कुलूप लावलं.

दिवेलागणीला मावशींचा फोन आला. "पोचले गं. सिल्लोडपर्यंत उभ्यानं आले, मग एका पोरीनं जागा दिली. लेकीनं पिठलं टाकलंय." मग म्हणाल्या, "मार आता झाडू."

"व्हय," मी म्हणाले.

आता मी कँटीनमध्ये असते. ताटं लावते, आणि कुणी भाजी परत मागितली तर "थांबा, देते," एवढं मोठ्यानं म्हणते. कँटीनच्या दारातून तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या दिसतात. कुलूप अजून तसंच आहे. तिथं मावशींच्या पाठीमागं कुणी झाडलेलं नाही. पॅन्ट्रीच्या दारात ती चिमूटभर चहापत्ती अजून पडलेली असेल.