वळणावरचे पांढरे दगड

हे मी कुठे बोललो नव्हतो. बायकोजवळही नाही — आणि तिच्याजवळ मी आमटीतल्या मिठापासून ब्लडप्रेशरपर्यंत सगळं बोलतो. मागच्या महिन्यात पहिल्यांदा बोललो, डोंगरातल्या एका अंगणात. तेव्हापासून जेवण गोड लागतंय. म्हटलं, आता तुम्हालाही सांगून टाकावं.

नंदुरबारला एका सरकारी कार्यालयात मी रस्ता सुरक्षेच्या अनुदानाचं टेबल सांभाळायचो. गावांकडून मागण्या यायच्या — इथे कठडा हवा, तिथे फलक हवा. त्या तपासायच्या, मंजुरीला लावायच्या, ठेकेदाराकडून काम करून घ्यायचं आणि मार्च संपायच्या आत निधी खर्ची पडला असं वर कळवायचं. नाहीतर निधी परत. त्यात एक नियम होता, आणि चांगला होता: काम सुरू होण्याआधी आमच्यापैकी कुणीतरी स्वतः जागेवर जाऊन बघून यायचं.

आता माझी अडचण. हसू नका — किंवा हसा, मला चालेल. मला गाडी लागते. मी शहाद्याकडचा, ऊस-केळीच्या सपाट मुलखातला. सरळ रस्त्यावर काही होत नाही, पण घाट सुरू झाला की पोटात ढवळायला लागतं. नोकरीत नवा असताना साहेबांच्या जीपमध्ये साहेबांच्याच बुटांवर ओकलो होतो. पुढे कितीतरी दिवस माझ्या टेबलावर कुणीतरी लिंबू आणून ठेवायचं. बायको तर अजून चिडवते, “दुसरासले रस्ता दखाडतस अन् सोताले घाट लागस!” तिचं ठीक आहे. पण ते लिंबू मला फार लागलं. एवढ्याशा गोष्टीचं माणसाला इतकं लागावं? लागलं खरं.

मग मी युक्ती काढली. पाहणीला निघायचो, अक्कलकुव्यापर्यंत जायचो आणि नाक्यावरच्या हॉटेलात चहा मागवून बसायचो. ठेकेदाराचा माणूस वरून मोबाइलवर फोटो पाठवायचा. मी फोनवरून सूचना द्यायचो आणि ऑफिसात येऊन सांगायचो — जाऊन आलो. कुणाचं काय बिघडत होतं? असं मी स्वतःला विचारायचो, आणि उत्तरही मीच द्यायचो.

त्या वळणाचंही तसंच झालं. फोटोत दरीच्या कडेला ओळीने दगड दिसत होते, चुना लावलेले, पांढरे. मला वाटलं, कुणीतरी जुनं सामान टाकून गेलंय, कठड्याचे खड्डे खणायला अडचण होईल. चहाचा घोट घेत सांगितलं, आधी ते दगड काढून टाका. त्यांनी त्याच दिवशी दरीत ढकलले.

वर गेलो असतो तर भेटेल त्या माणसाने सांगितलं असतं. त्या वळणावर कुणाची गाडी कडेवर जाऊन वाचली, की तो ड्रायव्हर एक दगड आणून तिथे मांडायचा. दिवाळीला सगळे मिळून चुना लावायचे. सांजावलं की रस्ता कुठे संपतो आणि दरी कुठे सुरू होते, ते त्या दगडांवरूनच कळायचं. आमचा कठडा मंजूर व्हायच्या कितीतरी आधी लोकांनी आपला कठडा मांडला होता.

आणि वेळ कुठली साधली मी? होळीच्या तोंडावरची. आमच्या जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल की होळीआधी डोंगरात कामाला माणूस मिळत नाही. सगळे ढोल बांधण्यात, होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारात. मला मार्च दिसत होता, होळी दिसली नाही. दगड काढून झाले आणि मजूर घरी निघून गेले. कड उघडीच राहिली.

गुजरातेत मजुरीला गेलेले लोक होळीला घरी परततात. जामसिंग त्यांना आपल्या जीपमधून वर आणत होता. दिवस नुकता मावळला होता. शेजारी त्याची बायको भुरीबाई बसली होती. त्या वळणावर जीप कडेवरून खाली गेली — सागाच्या झाडांना अडकली म्हणून सगळे जगले. भुरीबाईचा हात मोडला, तो पुढे नीट बसलाच नाही.

जामसिंग सगळ्यांना एकच सांगत होता: दगड दिसले नाहीत. होळीचे दिवस, डोंगरातला ड्रायव्हर — लोकांनी ठरवूनच टाकलं की प्यायला असणार. चौकशीच्या बैठकीत साहेबांनी मला विचारलं, तुम्ही जागा पाहिली होती ना? तिथे दगड होते का?

इथे आलं की थांबावंसं वाटतं. पण आता मागे फिरायचं नाही — मी म्हणालो, नव्हते. स्वतः जाऊन पाहिलंय मी, दगडबिगड काही नव्हतं तिथे.

एवढंच बोललो. ठेकेदारानेही तेच सांगितलं, डोंगरातल्या कुणाला विचारलंच नाही, आणि जामसिंगचं बोलणं सबब ठरलं. जामसिंगचं लायसन्स गेलं. पुढे कठडा झाला, चांगला झाला, त्याचे पेढे मी खाली नंदुरबारला बसून खाल्ले. जामसिंग सुरतेकडे ऊसतोडीला जातो असं कानावर आलं, तेव्हा मी काय केलं? टेबल बदलून घेतलं.

यंदा निवृत्त झालो. आता टेबल नाही, लिंबू ठेवणारंही कुणी नाही. मागच्या महिन्यात एसटीत बसलो आणि वर गेलो. वाटेत दोनदा ओकलो. जामसिंग अंगणात दोरखंड वळत बसला होता. मी कोण ते सांगितलं, आणि मग सगळं. तो शिव्या देईल, अंगावर येईल असं वाटलं होतं. त्याने दोरखंड बाजूला ठेवला आणि भुरीबाईला बाहेर बोलावलं.

“जोरमा सांगा, साहेब,” तो म्हणाला. “तिले ऐकू येवाले पाहिजे.”

तेव्हा मला कळलं. बाहेरच्या लोकांचं सोडा, घरातही तो इतकी वर्षं दारुडाच होता. शेजारी बसलेल्या बायकोलाही शेवटी लोकांचंच खरं वाटलं होतं. आणि का वाटू नये? साहेब स्वतः जाऊन पाहून आला होता ना.

मी मोठ्याने सांगितलं. शेजारपाजारचे जमले, तरी आवाज खाली आणला नाही. दगड होते. मी फोटोत पाहिले होते. मीच काढायला लावले. जामसिंग खरं बोलला, मी खोटं. जामसिंगने ते तिला त्यांच्या बोलीत पुन्हा सांगितलं. भुरीबाईने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती त्याला हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मला ती बोली येत नाही. तो मान खाली घालून रडायला लागला, आणि मी तिथून उठलो.

आल्यावर ऑफिसात हेच सगळं लिहून दिलं. व्हायचं ते होईल. उतरताना भरल्या एसटीत पुन्हा ओकलो, शेजारच्या बाईने पिशवी पुढे केली, ती घेतली. लाज वाटली नाही. फार हलकं वाटत होतं — हेही लपवत नाही, तो हलकेपणा मला शोभत नसला तरी.

तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. फक्त एक गोष्ट तुमच्याही कानावर घालतो, मोठ्याने: जामसिंग त्या दिवशी प्यायलेला नव्हता.