ढगाळ दिवसांचे आकडे

अगं, दारातनं काय बोलतेस? ये, अशी जवळ बस. शेलूहून खालापूरला यायला तुला दोन महिने लागले? बरं, नाही रागवत. पण ओझोन मोजायचं यंत्र आता माझ्याकडनं तुझ्या गच्चीवर जायचंय, तर माझी एक चूक आधी ऐक, मग चहा.

माझी भाची हवेचा अभ्यास करते, हे तुला ठाऊक आहे. फार उंचावर ओझोन वायूचा थर आहे, तो उन्हातले जाळणारे किरण अडवतो. उपग्रह तो वरनं मोजतो. पण उपग्रह बरोबर सांगतो की नाही, हे खालनं कुणीतरी पडताळायला हवं ना? म्हणून तिनं हे विटेएवढं यंत्र मला दिलं. दुपारी दीडच्या सुमाराला उपग्रह डोक्यावरनं जातो. तेव्हा गच्चीवर जायचं, यंत्राचं तोंड सूर्याकडे धरायचं, पडद्यावर येईल तो आकडा वहीत लिहायचा. माझी शाळा चौथीपर्यंत, बाकीचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं, पण आकडा माझा चुकत नाही. आमचे हे खालनं विचारायचे, "झाली का सूर्याची दृष्ट काढून?"

"आभाळ आलं तर जागा मोकळी सोड," असं भाचीनं बजावलं होतं. मी हो म्हटलं होतं.

आता माझी खोड बघ. शेजारणीचं भांडं माझ्याकडनं रिकामं परत जात नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालते. आईनं लावलेली सवय. महिनाअखेरीला वहीच्या पानांचे फोटो भाचीकडे जायचे, आणि त्यातल्या मोकळ्या जागा बघून मला कसंसंच व्हायचं. म्हणून ढगाच्या दिवशी मी आदल्या दिवसाचा आकडा खाली उतरवून ठेवायचे. एका दिवसात आभाळात असं काय बदलतंय, असं म्हणून.

कुरडयांचे दिवस होते. सकाळी अकराला भाचीचा फोन.

"मावशी, तुझ्या वहीनं कमाल केली. उघडीप असली की तुझा नि उपग्रहाचा आकडा जवळजवळ जुळतो. ढगाळ दिवशी मात्र नाही. ढगाखालचं उपग्रहाला नीट धरता येत नसणार. तीन वाजता मोठ्या लोकांपुढे हेच मांडणार आहे."

"अगं, पण ढगाळ दिवशी मी..."

"ढगांच्या फटीत सूर्य गाठलास ना? धन्य तुझी. ठेवते, आता फोन बंद करून तयारीला बसते."

माझे हात चिकात तसेच राहिले. मग पुसून फोन लावला. बंद. परत लावला. बंद.

हे म्हणाले, "गप ऱ्हा. कुनाला कळनार हाय?"

"कुणाला कळणार नाही, म्हणूनच तर," मी म्हटलं.

पण तिला सांगायचं तरी काय? कुठले आकडे माझे आणि कुठले यंत्राचे? लागोपाठ सारखे असलेले शोधले. पण दोनदा यंत्रानंसुद्धा तोच आकडा दिला होता, ते आठवत होतं. शेवटी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. आभाळ आलं की मी त्या तारखेवर 'वाळवण आत' लिहिते. तारखा लावून बघितल्या, नऊ आकड्यांना लाल गोल केले आणि वहीचे फोटो पाठवले. एकच टिक.

दीड वाजला. ऊन लख्ख होतं. गच्चीवर गेले, त्या दिवसाचा आकडा वहीत उतरवला. खाली आले, तरी एकच टिक.

तीनला वीस मिनिटं असताना फोन वाजला.

"मावशी, हे गोल कसले?"

"त्या दिवशी सूर्य नव्हता. मी वरचा आकडा खाली लिहिला."

 मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते.

"का?"

"वही मोकळी देववेना गं."

ती हसली नाही. "हे नऊ काढले तर ढगांबद्दल बोलायला माझ्याकडे काही उरत नाही."

"मला फोनवर घे. चूक माझी आहे, मी सांगते त्यांना."

"सलग सारखे आकडे मला दिसायला हवे होते," म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्या बैठकीत तिनं सांगितलं, की ढगाळ दिवसांचं मला काही माहीत नाही, मांडणार होते ते मागे घेते. बोलणी खाल्ली, हे तिच्या आईकडनं कळलं. पंधरा दिवस मला फोन नाही. वही मी तरी लिहीत होते. सोळाव्या दिवशी दुपारी फोन आला.

"आजचा आकडा?"

"आभाळ आहे. काही लिहिलं नाही."

"छान," ती म्हणाली. मग विचारलंन, "कुरडया झाल्या का?" तेव्हा कुठे मला घास गोड लागला.

तर बाई, हे यंत्र घे, ही नवी वही घे. दुसऱ्या गावातनंही पडताळून बघायचं म्हणतेय ती. मोकळी जागा मोकळीच ठेव, तिथं साखर घालू नकोस. आणि आभाळ आलं की गच्चीवर तुला काम नसेल, तेव्हा सरळ इकडे निघून ये. परत दोन महिने लावू नकोस.