आतल्या गाठीची माणसं

"जरा पाच मिनिटं," असं म्हणून माझ्या जपानी साहेबांनी छोट्या मीटिंग रूमचं दार लावून घेतलं, तेव्हा मला वाटलं पुढच्या आठवड्यातल्या कुठल्या तरी बैठकीचं काम असेल. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका जपानी कंपनीच्या सिंगापूरच्या ऑफिसात मी दुभाषी होते. जपानी साहेब बोलायचे ते इंग्रजीत सांगायचं आणि इथले इंजिनियर बोलायचे ते जपानीत. चार वर्षं हेच करत होते. साहेबांनी फाइलमधून तीन कागद काढले, अक्षरं माझ्या बाजूने सुलट येतील असे फिरवले आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवले. कागदांवर देवनागरी होती.

माझाच लेख होता.

"हे तुम्ही लिहिलंय का?" त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचाच, चहा घेणार का असं विचारावं तसा. या आवाजाचीच मला भीती वाटायची. रागावलेल्या माणसाशी काय करायचं ते मला कळतं. न रागावलेल्या जपानी माणसाशी काय करायचं ते सहा वर्षं त्यांच्या देशात राहूनही कळलं नव्हतं.

मी "हो" म्हणाले. नाही म्हणून उपयोग नव्हता. ब्लॉग टोपणनावाने होता, पण त्या लेखात आमच्या ऑफिसातल्या सकाळच्या कवायतीचा फोटो मीच हौसेने टाकला होता, आणि त्यात साहेबांची पाठ स्पष्ट दिसत होती.

जपानी मी पुण्यात संध्याकाळच्या क्लासला शिकले. तेव्हा त्या देशावर माझा जीव होता. लग्नानंतर आम्ही दोघं तिकडे गेलो आणि तो जीव हळूहळू पातळ होत गेला. घर शोधताना एजंट आमच्यासमोरच मालकाला फोन लावायचा, "परदेशी आहेत, पण जपानी फार छान बोलतात" म्हणायचा, मग फोन ठेवून खूप दिलगिरीने सांगायचा की ती जागा आत्ताच गेली. महिनाभराने त्याच जागेची पाटी त्याच दुकानाच्या काचेत असायची. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला दिवस गेले तेव्हा सगळ्यांनी फुलं दिली, आणि पंधरा दिवसांत तिची सगळी कामं दुसऱ्यांकडे गेली. "तुमच्या तब्येतीसाठी," असं तिला सांगण्यात आलं. कुणीही वाईट बोललं नाही. वाईट बोललं असतं तर निदान भांडता आलं असतं.

मग भूकंप झाला आणि तिकडचं अणुऊर्जा केंद्र बिघडलं. आम्ही खूप लांब राहत होतो, पण मुलगी दोन वर्षांची होती. दुकानात मी विचारलं, दूध कुठून येतं? दुकानदार हसून म्हणाला, सुरक्षित आहे. मी पुन्हा विचारलं, कुठून येतं? रांगेतली माणसं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. त्या रात्रीच आम्ही जायचं ठरवलं. निरोपाच्या कार्डावर ऑफिसातल्या सगळ्यांनी सह्या केल्या आणि प्रत्येकाने एकच वाक्य लिहिलं, "तब्येतीला जपा." सोडून गेलेल्या परदेशी लोकांसाठी त्यांनी आपसात एक कुचकट शब्द तयार केला होता, हे मला सिंगापूरला आल्यावर कळलं.

एवढं होऊनही पोटापाण्याला जपानीच आली. टॅम्पिनीसला फ्लॅट घेतला भाड्याने, मुलगी शाळेत जाऊन इथल्या इंग्रजीत "आई, कॅन ला!" म्हणायला लागली, आणि मी पुन्हा त्याच वाकण्याच्या आणि "सो देस् का", म्हणजे "असं होय"च्या जगात नोकरीला लागले. रविवारी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर आमचे मराठी लोक जमले की जपानचं कौतुक सुरू व्हायचं. तिथली मुलं शाळा झाडतात, तिथे कुणी हॉर्न वाजवत नाही, गाडी अर्धा मिनिट उशिरा आली तरी माफी मागतात. कुणाच्या तरी मोबाइलवर आलेलं कुणीतरी वाचून दाखवायचं. मी काही बोलले की "तुझा राग आहे गं त्यांच्यावर," असं म्हणून विषय बदलायचे. म्हणून मग मी लिहायला लागले. मराठीत, कारण मराठी जपानी माणसाला वाचता येत नाही.

टेबलावरचा लेख जास्त कामाने जीव गेलेल्या तिथल्या तरुण मुलामुलींबद्दल होता. तेव्हा त्या बातम्या सारख्या येत होत्या. आमच्या ऑफिसात बुधवारी उशिरापर्यंत थांबायचं नाही असं परिपत्रक निघालं होतं, त्याचं भाषांतर मीच केलं होतं. बुधवारी सहाला दिवे बंद व्हायचे आणि सगळे जपानी लॅपटॉप घेऊन खालच्या कॉफीच्या दुकानात जाऊन तेच काम करायचे. तेही लिहिलं होतं मी.

साहेबांनी चौथा कागद काढला. लेखाचं कॉम्प्युटरने केलेलं जपानी भाषांतर. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

"इथे म्हटलंय की जपानी माणसांच्या शरीरात गाठी असतात," ते म्हणाले. "आमच्यात तुम्हाला कोणता आजार दिसला?"

एरवी मला हसू आलं असतं. ते हसत नव्हते. मी म्हणाले, ही आमच्याकडची बोलण्याची पद्धत आहे, आजार नव्हे.

"मग मला नीट भाषांतर करून सांगा. सगळा लेख. उद्या जेवणाच्या सुट्टीत."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याचं कॉन्ट्रॅक्ट नुकतंच संपलं होतं आणि दुसरं मिळेपर्यंत तिघांचंही इथलं राहणं माझ्या एम्प्लॉयमेंट पासवर होतं. तो म्हणाला, "अगं, तुझ्याच तोंडून तुझा जबाब लिहून घेतायत ते. उद्या म्हणतील, बघा, हिनेच कबूल केलं."

"मग करू काय? नाही म्हणू?"

"गुळमुळीत सांग. त्यांच्यासारखं."

दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. मुळात लिहिलं होतं, 'ही माणसं आतल्या गाठीची असतात. राग आला तर हसतात, नको असेल तर विचार करतो म्हणतात, आणि माणूस मेला तर रांगेत उभं राहून कमरेत वाकतात. मग सरळ होऊन पुन्हा कामाला.' मी जपानीत म्हटलं, "जपानी लोक भावना सहज व्यक्त करत नाहीत."

साहेब पेन्सिलीने मराठी ओळींवरून पुढे पुढे गेले. तीन पूर्णविराम त्यांनी मोजले. मराठी येत नसलं तरी पूर्णविराम कळतातच.

"इथे तीन वाक्यं आहेत," ते म्हणाले. "तुम्ही एकच सांगितलंत." मग जरा थांबून, "आणि तेही अगदी जपानी माणसासारखं."

माझे कान गरम झाले. रागाने की लाजेने, कोण जाणे. मी मूळ तीन वाक्यं शब्दाला शब्द लावून सांगितली, आतल्या गाठीचं म्हणजे काय तेही. त्यांनी वहीत लिहून घेतलं. ती वही भरू लागली तशी माझी खात्रीच झाली, की हे सगळं टोकियोच्या मुख्य ऑफिसात जाणार.

तीन दिवस हे चाललं. त्यांचा डबा न उघडता बाजूला असायचा, माझाही. ते प्रश्न विचारायचे, लिहून घ्यायचे. त्या तीन दिवसांत मला सगळीकडे खुणा दिसत होत्या. एचआरची बाई लिफ्टमध्ये भेटली आणि फोनमध्ये बघत राहिली. माझ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलायला सांगितला गेला. एका बैठकीला मला न बोलावता एका इंग्रजी येणाऱ्या जपानी मुलाने काम भागवलं. मी घरी जाऊन नवऱ्याला एकेक सांगायची आणि तो म्हणायचा, "बघ, म्हटलं नव्हतं?"

तिसऱ्या दिवशी आम्ही शेवटाजवळ आलो. 'मुलीने घरी फोन करून सांगितलं, मला आता जमत नाही, तर आईबाप काय सांगतात? अजून थोडं सोस. कंपनी चांगली आहे.'

पेन्सिल थांबली.

"पुन्हा वाचा."

मी वाचलं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तिकडे आमच्या शेजारी एक बाई राहायच्या. त्या फोनवर मुलाला असं सांगताना भिंतीतून ऐकू यायचं."

त्यांनी वही मिटली. "आज इतकंच," म्हणाले. मला वाटलं, झालं, हवं ते यांना मिळालं. त्या संध्याकाळी एमआरटीच्या गाडीत बसल्या बसल्या मी तो लेख ब्लॉगवरून काढून टाकला.

शुक्रवारी त्यांनी पुन्हा बोलावलं. "तुमचं पान उघडत नाही."

"काढून टाकलं."

"का?"

आणि मग माझा तोल गेला. जपानीत वरिष्ठ माणसाशी बोलताना क्रियापदाला आदराचं शेपूट लावावं लागतं. बारा वर्षांत पहिल्यांदा मी ते न लावता बोलले. "का म्हणजे? तुम्हाला नक्की काय हवंय? मला काढायचं असेल तर काढा. माझी मुलगी इथे शाळेत आहे, तिला काय सांगायचं ते मला आधी कळू दे. रोज कागद समोर ठेवून हे असं चालवू नका."

 साहेबांनी उठून दार नीट लागलंय का ते बघितलं आणि परत येऊन बसले.

"एचआरला एक ईमेल आली होती," ते म्हणाले. "इंग्रजीत. लेख जोडलेला होता. तुमची दुभाषी तुमच्या देशाची टिंगल करते, मला मराठी येतं म्हणून मला कळलं, असं लिहिलं होतं. एचआरने मला चौकशी करायला सांगितलं. मी सोमवारीच लिहून दिलं की हे खाजगी लेखन आहे, कंपनीचं काही नुकसान नाही. तो विषय सोमवारीच संपला."

"सोमवारी? मग मंगळवारपासून हे..."

"ते माझं काम होतं. कंपनीचं नाही."

त्यांची मुलगी पंचवीस वर्षांची. तिकडे एका मोठ्या जाहिरातीच्या ऑफिसात होती. वर्षभरापूर्वी तिने बापाला सिंगापूरला फोन केला होता, मला जमत नाही म्हणून. "मी तेच सांगितलं," साहेब म्हणाले. "तुम्ही लिहिलंय तेच. शब्दसुद्धा तेच." तीन महिन्यांनी ती ऑफिसच्या जिन्यात बसून राहिली, उठलीच नाही. तेव्हापासून आईजवळ घरी होती, खोलीबाहेर फारशी येत नव्हती. बापाचा फोन घेत नव्हती. "त्या कॉम्प्युटरच्या भाषांतरात बाकी काही धड कळलं नाही, पण फोनचं वाक्य कळलं. ते नीट ऐकायचं होतं. पुढे तुम्ही आईबापांना काय म्हणता, ते बघायचं होतं."

मी आईबापांना पुढे काहीच म्हटलं नव्हतं. लेख तिथेच संपला होता. तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तरही त्यांनी लिहून घेतलं.

खरं सांगायचं तर तेव्हाही माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला नाही. सोमवारी मी एचआरच्या बाईकडे गेले आणि सरळ विचारलं, माझ्याबद्दलचा अहवाल कधीचा आहे? ती सिंगापूरची, आडपडदा न ठेवणारी. तिने फाइल उघडून तारीख दाखवली. खरंच आदल्या सोमवारची होती. खाली दोन ओळी आणि साहेबांचा शिक्का. "बैठकीला का नाही बोलावलं मला?" मी विचारलं. "तू जेवणाच्या सुट्टीत बिझी होतीस ना," ती म्हणाली. लिफ्टमध्ये फोनकडे का बघत होतीस, एवढंच विचारायचं मी राहू दिलं.

पुढच्या वर्षी साहेबांनी जपानला परत जायची विनंती केली. त्यांना आधीपेक्षा खालचं पद मिळालं असं ऑफिसात बोललं जात होतं. जाताना ते सगळ्यांसमोर वाकले, मलाही तेवढंच. काही महिन्यांनी एक छोटी ईमेल आली. मुलगी सकाळी एका रोपवाटिकेत कामाला जाते, अजून बापाशी फारसं बोलत नाही, पण जेवायला एकाच टेबलावर बसते, असं लिहिलं होतं. मी ती दोनदा वाचली. दोन दिवसांनी मी उत्तर लिहिलं, रोपं कसली?

लेख मी परत चढवला होता. एकही वाक्य बदललं नाही. जपानबद्दल मला जे वाटतं ते अजूनही वाटतं.

पण एचआरला आलेली ती तक्रारीची ईमेल जपानी माणसाने लिहिली नव्हती, हे मनातून जात नाही. इंग्रजी चांगलं होतं म्हणे, खाली नाव नव्हतं. माझा ब्लॉग वाचणारी माणसं दीड-दोनशे असतील, आणि मी कुठे काम करते हे ठाऊक असलेली त्यातली पंचवीस-तीस. बहुतेकांच्या घरी मी जेवले होते. कुणाला माझी जागा हवी होती का? की जपानचा एवढा कळवळा होता कुणाला? आपल्या लोकांचा असा संशय मला कधी घ्यावा लागला नव्हता, त्यामुळे तो कसा घ्यायचा तेही मला नीट येत नव्हतं.

त्या दिवाळीला इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात मी ताट घेऊन रांगेत उभी होते. श्रीखंड वाढणाऱ्या बाई मला ओळखत होत्या. माझ्या ताटात डाव रिकामा करत म्हणाल्या, "तुमचं लेखन वाचतो हं आम्ही सगळे."

"सगळे म्हणजे कोण कोण?" मी विचारलं.

"अहो, सगळे," त्या म्हणाल्या आणि मागच्या ताटाकडे वळल्या.