सरांचा इस्रायल

माझं रत्नागिरीत डीटीपीचं दुकान आहे. लोक लग्नपत्रिका करून घेतात आणि जातात. सर मात्र बारा वर्षं एकच पुस्तक घेऊन येतायत, प्राचीन इस्रायलमधला धर्म आणि समाज. पुस्तक काही पुरं होत नाही, त्याचे किस्से तेवढे साठत चाललेत.

सर निवृत्त प्राध्यापक. एकदा वाचनालयात व्याख्यान दिलं. प्राचीन इस्रायलमधल्या एका राजाने गावोगावची देवस्थानं मोडली आणि राजधानीत एकच देऊळ ठेवलं, असं अगदी रंगवून सांगितलं. लांज्याचे एक आजोबा उठले. "मंग गावच्या पालखीचा मान कुनाकडं ग्येला वो?" दुसऱ्या दिवशी सर दुकानात येऊन म्हणाले, एक प्रकरण वाढवावं लागेल.

शेजारच्या बागवाल्याला सरांनी सांगितलं, की इस्रायलचे ते लोक देवाची आज्ञा म्हणून दर सातव्या वर्षी जमीन पड ठेवत. तो म्हणाला, पोरं मुंबईला गेल्यापासून आमची भातशेती दरवर्षीच पड आहे, म्हणजे आम्ही जास्त धार्मिक. सर म्हणाले, हे तळटीपेत घाल. मी घातलं नाही.

मग तो शनिवार. त्या लोकांच्या विश्रांतीच्या दिवसाचा अनुभव घ्यायचा म्हणून सरांनी जाहीर केलं, शनिवारी घरात गॅस पेटणार नाही, स्वयंपाक आदल्या दिवशीच होईल. काकूंनी शांतपणे विचारलं, "आदल्या दिवशी करणार कोण?" आणि शुक्रवारी सकाळच्याच एसटीने त्या बहिणीकडे गुहागरला गेल्या. प्रयोग यशस्वी झाला. गॅस दोन्ही दिवस पेटला नाही.

सहावं प्रकरण सरांचं लाडकं. त्यात राजे लढाईआधी देवाला विचारतात, आणि उत्तर पटलं नाही की पुन्हा विचारतात. "ही माणसं देवाला विचारतच नव्हती, मनासारखं वदवून घेत होती," हे वाक्य सरांनी मला ठळक टाइपात घ्यायला लावलं.

परवा प्रकाशकांचा फोन आला. या महिन्यात पुस्तक द्या, नाहीतर राहू द्या. सरांचा चेहरा उतरला. पुस्तक हातातून सुटायची त्यांना भीती वाटत होती, आणि मला खरंच वाईट वाटलं. शेवटी म्हणाले, गावी जाऊन देवीला कौल लावू.

मी स्कूटरवरून घेऊन गेले. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं लावली. उजवं पडलं तर पुस्तक पाठवायचं, डावं पडलं तर थांबायचं.

सरांनी हात जोडले, तोच उजवं पडलं.

सर गुरवाला म्हणाले, "परत एकदा लावा."