विमानं सोडणारा माणूस

आमच्या बाभुळगावच्या गल्लीतले साहेब जन्मभर विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानं सोडत होते. रिटायर झाले, पण खोड गेली नाही. सकाळी आम्ही चार म्हातारे कालव्यापर्यंत फिरायला जायचो, तेही त्यांच्या हिशोबानं. सगळ्यात भरभर चालणारे तेच, म्हणून पहिले ते. मग दोन-दोन मिनिटांनी एकेक जण, आणि शेवटी मी.

"फास्ट विमान समोर सोडलं की अंतर वाढतच जाते," घड्याळावर बोट ठेवून ते सांगायचे. "हळू विमान आधी उडालं, तर मागच्याले खालच्या उंचीवर दाबून ठेवा लागते, त्याचा वेग कमी करा लागते. कायले ती झंझट?"

मला या शिस्तीचा भारी राग यायचा. शेवटच्याशी बोलणार कोण?

यंदा माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बऱ्याच दिवसांनी काठी टेकत फाटकाशी आलो, तर बाकीचे दोघं निघून गेले होते. साहेब उभेच.

"निघा तुम्ही," ते म्हणाले.

"मी पहिले? अन् तुमचा नियम?"

"रस्त्यावर उंची कुठून आणू? वेगच कमी करतो."

कालव्यापर्यंत पाऊण तास लागला. मी थांबलो की मागे दहा पावलांवर त्यांच्या चपला थांबायच्या.

"साहेब, या ना बरोबर!"

"चाला, चाला. अंतर ठेवा."

मी मुद्दाम दोनदा बसलो. त्यांनी मला गाठलं नाही.