लाल फुलीची कार्डं

विद्यापीठात त्यांना सगळे कार्डवाल्या बाई म्हणत. सव्वीस वर्षं त्या एकच काम करत होत्या. शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येकाचं एक कार्ड ठेवायचं. त्यावर नाव, वर्ष, विषय, पत्ता आणि तळाला एक ओळ, 'सध्या काय करतात'. वर्षातून एकदा फोन करायचा आणि समोरचा सांगेल ते त्या ओळीत पेन्सिलीनं लिहायचं. पेन्सिलीनं अशासाठी, की माणसांचं बदलत असतं.

तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीला खिडकी एकच, तीही सायकलींच्या छपराकडे उघडणारी. पण चौदा लोखंडी कपाटांत हजारो माणसं वर्षवार नीट लावलेली होती. कुणी "सध्या काहीच नाही, बाई" म्हणालं, तर बाई तसंच लिहीत. त्यात मीठमसाला नाही की रंगरंगोटी नाही. स्वतःच्या लेकीच्या कार्डावरही त्यांनी जे होतं तेच लिहिलं होतं, 'शाळेची व्हॅन चालवते'.

लेक गणितात विद्यापीठात पहिली आलेली. गणिताच्या मॅडम तिला आपल्या हाताखाली संशोधनाला घ्यायला निघाल्या होत्या. निकाल लागला त्याच महिन्यात तिच्या वडिलांची उजवी बाजू लुळी पडली. दारात त्यांची व्हॅन उभी आणि सकाळी सातपासून जागोजागी वाट बघणारी तेवीस मुलं. "आठ दिवस मी नेते," असं लेक म्हणाली, त्याला दहा वर्षं झाली. रोज सकाळी तिचा 'पोचले' एवढा एकच शब्द मोबाइलवर येईपर्यंत बाईंच्या घशाखाली चहा उतरत नसे. काळजी होती, रोजची होती. पण लाज एकदाही वाटली नव्हती.

मॅडमना मात्र लेकीनं त्यानंतर तोंड दाखवलं नाही. त्यांच्या घरावरून जायची वेळ आली तर पुढच्या गल्लीतून वळसा घ्यायची.

गेल्या वर्षी विद्यापीठानं माजी विद्यार्थी स्नेहबंध समिती नेमली. व्यवस्थापन शिकवणारे एक प्राध्यापक अध्यक्ष झाले. "आपल्याला नातं घट्ट करायचंय" हे त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की ते शिंकले तरी तेच बाहेर पडेल अशी शिपाईमामांची खात्री होती. पहिला मेळावा ठरला तो दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विज्ञानाच्या मुलांचा, म्हणजे लेकीच्याच तुकडीचा. त्यात निवृत्त होणाऱ्या मॅडमचा सत्कारही होता.

"आई, मी जाणार आहे," लेक भाजी चिरता चिरता म्हणाली. "मॅडमना भेटते एकदा. पत्र येईल ना?"

"न यायला काय झालं? मीच तर पाठवणार."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष लाल पेन घेऊन खाली आले. त्या तुकडीची तीनशे बारा कार्डं त्यांनी टेबलावर ओतली.

"बाई, सगळ्यांना बोलावून काय बाजार भरवायचाय? निवड करावी लागते."

एका खुणेनं माणूस आत, एका फुलीनं बाहेर. दोन टेंपो असलेल्या एकानं फोनवर स्वतःला 'वाहतूक क्षेत्रातला उद्योजक' म्हणवून घेतलं होतं. बाईंनी तसंच लिहिलं होतं. त्याला बरोबरची खूण मिळाली. मग एक कार्ड हातात धरून अध्यक्ष हसले.

"हे बघा! गणितात पहिली, आणि करते काय, तर व्हॅन चालवते! असल्यांना बोलावून नातं घट्ट व्हायचंय की आपली शोभा?"

आणि त्यांनी फुली मारली. कोणाच्या आईसमोर मारली, हे त्यांच्या गावीही नव्हतं. सव्वीस वर्षं एका इमारतीत वावरून त्यांना बाईंचं आडनाव माहीत नव्हतं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अध्यक्ष जिना चढून गेल्यावर त्यांनी मोजलं. आत एकसष्ट, बाहेर दोनशे एक्कावन्न. आणि ही चाळणी कशानं लागली? त्यांच्याच अक्षरानं. लोकांनी विश्वासानं सांगितलं, यांनी इमानदारीनं टिपलं, आणि त्या माणसानं नेमकं तेच हत्यार म्हणून उचललं. त्यांना स्वतःचाही राग आला.

शिपाईमामा दारातून सगळं ऐकत होते. "ताई, पोरीचं कार्ड नवं करा. वाहतूक व्यवसाय लिहा. खोटं थोडंच आहे?"

बाईंनी खणातून कोरं कार्ड काढलंही. मग म्हणाल्या, "आणि बाकीच्या अडीचशेंचं काय, मामा? त्यांना आया नाहीत?"

त्यांनी समितीचा कागद पुन्हा वाचला. त्यावर एवढंच होतं, 'तुकडीस मेळाव्याची पत्रे पाठवावीत.' अध्यक्षांच्या सहीचा शिक्का बाईंच्याच खणात असे, कारण सह्या करायचा साहेबांना कंटाळा. चार दिवस बसून बाईंनी तीनशे बारा पत्रांवर तो शिक्का मारला आणि पाकिटं चिकटवली. प्रत्येक पाकिटावर अशी थाप मारत होत्या, की मामा म्हणाले, "ताई, टेबल सरकारी आहे."

मेळाव्याच्या दिवशी खुणेवाल्या एकसष्टांपैकी आले नऊ. फुलीवाले आले एकशे चाळीस. कुणी दुकानाचं अर्धं शटर ओढून आला होता, कुणी कडेवर पोर घेऊन आली होती. खुर्च्या पुरेनात तसे अध्यक्ष फुलत गेले. "बघा, समितीची पोच!" ते कुलगुरूंच्या कानाशी म्हणाले. आपण कोणाला वगळलं होतं हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. चेहरे कुठे पाहिले होते त्यांनी?

दाराशी बाईंचं टेबल होतं. नेहमीची पद्धत अशी, की आलेल्या माणसाच्या हातात त्याचं कार्ड द्यायचं, त्यानं पत्ता तपासायचा आणि जाताना परत करायचं. लेक समोर आली. इस्त्रीचा कुर्ता, आणि कपाळावर घाम. बाईंच्या पर्समध्ये त्या दिवशी खणातून काढलेलं कार्ड होतं, लेकीची सगळी माहिती भरून, स्वच्छ. पोरीला ती फुली नको दिसायला, असं सकाळपासून त्यांना वाटत होतं. हात पर्सपर्यंत गेला. मग त्यांनी टेबलावरचं, फुलीचंच कार्ड दिलं.

लेकीनं ते पाहिलं, आईकडे पाहिलं आणि आत जाऊन बसली.

सत्कार झाला. अध्यक्ष माईकवर आले. "आमच्या समितीनं एकाही विद्यार्थ्याला दूर ठेवलं नाही. मोठा असो, छोटा असो, आम्ही प्रत्येकाला..."

"सर, एक विचारू?" लेक उभी राहिली. "माझ्या कार्डावर लाल फुली आहे. कशाची?"

"ती... ती छाननीची खूण असते."

"माझ्यावरही आहे," मागून एक जण म्हणाला.

"माझ्यावरही!"

"माझ्यावर बरोबरची खूण आहे," टेंपोवाला उठला. "मला दोन टेंपो आहेत म्हणून का हो?"

हशा पिकला, पण त्यात गंमत नव्हती. कार्डं या हातातून त्या हातात फिरू लागली. अध्यक्षांनी घाम पुसला आणि दाराकडे बोट केलं. "ही कार्यालयीन चूक आहे. बाई, काय प्रकार आहे हा?"

बाई उठल्या. सव्वीस वर्षांत त्या सभागृहात त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"पेन्सिल माझी आहे, सर. लाल पेन तुमचं. जिच्यावर हसत फुली मारलीत, ती माझी मुलगी."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुलगुरू पाण्याचा ग्लास न्याहाळत बसले. पहिल्या रांगेतल्या मॅडम तेवढ्या वळल्या, चष्मा वर करून लेकीला शोधलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात करवादल्या, "दहा वर्षं कुठे होतीस गं?"

"व्हॅन चालवत होते, मॅडम."

"मग? माझ्या दारात व्हॅन उभी राहत नव्हती? ये इकडे, बस माझ्याजवळ."

लेक अध्यक्षांसमोरून चालत गेली आणि मॅडमशेजारच्या, अध्यक्षांच्याच राखीव खुर्चीवर बसली. ते माईकपाशी उभेच राहिले.

सोमवारी सकाळी बाईंच्या टेबलावर कागद होता. परवानगीशिवाय पत्रं पाठवल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा, नाहीतर कारवाई होईल. खाली अध्यक्षांची खरी, हातानं केलेली सही. यासाठी बरी सवड झाली, बाईंच्या मनात आलं. मामा चहा ठेवून दाराशी घुटमळत राहिले.

बाईंनी पेन घेतलं आणि लिहिलं, 'ज्यांनी जे सांगितले ते कार्डावर लिहिले. ज्यांची कार्डे आहेत त्यांना पत्रे पाठवली. फुल्या खोडरबराने जात नाहीत, म्हणून त्या तशाच ठेवल्या आहेत. पुढच्या वर्षीही सर्वांना पाठवीन.'

"शेवटचं वाक्य खोडा, ताई. नोकरी जाईल."

"नाही खोडत."

कागदाची घडी घालून त्यांनी ती मामांच्या हातात दिली. मोबाइल वाजला. 'पोचले', आणि आज त्यापुढे आणखी दोन शब्द होते, 'मॅडमकडे चाललेय'.

चहा गार झाला होता. बाईंनी तो तसाच एका दमात पिऊन टाकला आणि फुलीवाल्या कार्डांचा गठ्ठा पुढे ओढून, यंदाचं 'सध्या काय करतात' विचारायला पहिला फोन लावला.